गाडीतला रेडिओ आणि खिशातलं गाणं

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" असा समितीचा निरोप आला. किल्ल्यांवर लिहिणारे आपल्याकडे दोघे आहेत, आणि आपल्या जागेवर पूर्वी काय होतं यावर सचिवांनी स्वतःच लिहिलं आहे. तेव्हा मी पार्किंगमधला इतिहास घेतला. आपल्या सोसायटीची नोंदणी २००१ सालची. त्याच वर्षी आणखी तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही या लेखाच्या कामाच्या आहेत. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी निघायची थांबली. जुलैत बंगळूरला देशातलं पहिलं खाजगी एफएम केंद्र सुरू झालं. आणि ऑक्टोबरात ॲपल कंपनीनं आयपॉड नावाची पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी जाहीर केली, जिच्यात हजार गाणी मावायची. एकीकडे जुनी गाडी संपली आणि दुसरीकडे गाणं कायमचं खिशात गेलं. या दोघांची गाठ कशी घालायची, एवढाच माझा विषय आहे.

विषय सुचला तो बी विंगखाली उभ्या असलेल्या पद्मिनीमुळे. गाडी १९७८ सालची. मालक आता हयात नाहीत, पण वहिनी आहेत, आणि गाडी त्यांनी विकलेली नाही. तिच्या डॅशबोर्डात मूळचा रेडिओ आहे: दोन गोल बटणं, मध्ये आडवी काच, काचेमागे आकडे आणि सरकणारा काटा. मोबाइलमधलं गाणं या रेडिओतून वाजेल का, असा प्रश्न त्यांच्या नातवानं विचारला. त्याचं उत्तर द्यायला मला नव्वद-पंच्याण्णव वर्षं मागे जावं लागलं.

मोटारीत रेडिओ बसवणं हे आज वाटतं तितकं सोपं कधीच नव्हतं. १९२०च्या दशकात हौशी लोक घरचाच रेडिओ गाडीत कोंबत. वजनदार बॅटऱ्या आणि टपावरून ताणलेली एरियलची तार असा सगळा संसार बरोबर. इंजिन सुरू केलं की ठिणग्यांचा असा खरखराट होई की गाणं ऐकायला गाडी बंद करावी लागे. हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला तो शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी. १९३०मध्ये त्यांनी मोटारीसाठी खास रेडिओ काढला. मोटारीतला म्हणून "मोटोरोला" असं नाव ठेवलं, आणि पुढे १९४७मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं. किंमत शंभर डॉलरच्या वर. त्या वेळी फोर्डची साधी नवी गाडी साडेपाचशे-सहाशे डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे आज दहा लाखांची गाडी घेऊन तिच्यात पावणेदोन-दोन लाखांचा रेडिओ बसवण्यासारखं झालं. त्या वर्षी अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं अधिवेशन होतं. गॅल्विननं आत गाळा घेतला नव्हता. त्यानं गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवला.

याच गॅल्विनची आणखी एक कथा सांगतात. तो कर्ज मागायला बँकेत गेला आणि खूश करण्यासाठी बँकरच्याच पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला. अर्ध्या तासात गाडीनं पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. माझी सगळी उमर बँकेत गेली, त्यामुळे मला ही कथा विशेष आवडते. तारणच जळून गेल्यावर मंजुरी कोण देणार!

युरोपात १९३२मध्ये जर्मनीच्या ब्लाउपुंक्टनं पहिला मोटार रेडिओ काढला. त्याचं वजन जवळजवळ पंधरा किलो होतं. एवढं वजन कशाचं, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढची जोडणी त्यावर अवलंबून आहे. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत आणि त्यांना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागत. गाडीची बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची. मग व्हायब्रेटर नावाचा एक भाग बॅटरीचा प्रवाह सेकंदाला शंभरेक वेळा तोडायचा आणि जोडायचा, आणि ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब वाढवायचा. रेडिओ लावला की गाण्याआधी त्याची गुणगुण ऐकू यायची. अशा व्हॉल्व्हच्या रेडिओत आजही कुणी हौसेनं स्क्रू-ड्रायव्हर घालू नये. बॅटरी बारा व्होल्टची असली तरी आत जिवाला धोका होईल इतका दाब असतो.

१९५५मध्ये अमेरिकेत क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ जाहीर केला आणि चित्र पालटलं. व्हायब्रेटर गेला, गुणगुण गेली, वजन उतरलं, बारा व्होल्टवर सगळं भागू लागलं. आपल्या पद्मिनीतला रेडिओ या वंशातला आहे.

आता खरा मुद्दा. लोकांना केंद्र लावेल ते ऐकायचं नव्हतं, आपल्याला हवं ते ऐकायचं होतं. ही इच्छा मोबाइलबरोबर आली असं तरुण मंडळींना वाटतं, पण तसं नाही. १९५६च्या मॉडेलमध्ये क्रायस्लरनं चक्क गाडीत तबकडी वाजवायचं यंत्र दिलं, नाव "हायवे हाय-फाय". सीबीएसच्या पीटर गोल्डमार्क यांचं ते काम. मिनिटाला फक्त १६ आणि दोन-तृतीयांश फेरे घेणारी सात इंची तबकडी, एका बाजूला पाऊण तासाच्या आसपास संगीत. या यंत्राला स्वतःचा कर्णा नव्हता. आवाज गाडीच्या रेडिओतूनच निघायचा. पण त्या तबकड्या एकाच कंपनीच्या, घरच्या प्लेअरवर न वाजणाऱ्या, आणि गाणी कंपनीच्या पसंतीची. चार-पाच वर्षांत प्रकरण आटोपलं. युरोपात फिलिप्सनं "ऑटो मिन्यॉन" काढला. त्यात साधी ४५ फेऱ्यांची तबकडी फटीतून आत सरकवायची. तोही मूळ रेडिओच्याच आधारानं बोलायचा.

उलटा प्रयोगही झाला. १९५८मध्ये जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत असा रेडिओ होता की गाडीत असताना तो गाडीच्या बॅटरीवर आणि स्पीकरवर चालायचा, आणि सहलीला उतरलात की डॅशबोर्डातून उपसून हातात घेऊन जायचा. मला ही कल्पना फार हुशारीची वाटते. पण खिशातला ट्रान्झिस्टर इतका स्वस्त होत गेला की गाडीतला उपसून न्यायची कुणाला गरजच उरली नाही.

मग १९६३ला फिलिप्सची कॅसेट आली, १९६५ला फोर्डनं आठ ट्रॅकची टेप गाडीत दिली, १९७९ला सोनीचा वॉकमन आला, १९८२ला सीडी. प्रत्येक वेळी प्रश्न तोच होता: नवं यंत्र हातात आहे, गाडीत जुनं आहे, दोघांची ओळख कशी करून द्यायची? सीडीच्या वेळी याला एक फार सुंदर उत्तर निघालं, कॅसेट अडॅप्टर. कॅसेटच्या आकाराची रिकामी डबी, आत टेप नाही, फक्त एक चुंबकीय हेड, आणि शेपटीसारखी वायर. जुन्या प्लेअरला वाटायचं टेप फिरते आहे, आणि वाजत मात्र असायचं सीडीतलं. आमच्या पिढीनं पुढे त्याच शेपटीला मोबाइल जोडला.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी आहे. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्याला बांधली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची असा तो काळ. बँकेत गाडीसाठी अर्ज आला की आम्ही आधी नोंदणीची पावती पाहायचो. गाडीच मिळायची मारामार, तिथे रेडिओ ही चैनच. शिवाय रेडिओला परवाना लागायचा. घरच्या रेडिओप्रमाणे गाडीतल्या रेडिओचंही पुस्तक असायचं, आणि दरवर्षी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. ही पद्धत १९८५मध्ये संपली. बी विंगच्या गाडीच्या कागदपत्रांत ते पुस्तक अजून आहे. शिक्के एका ओळीत, एकही वर्ष चुकलेलं नाही. असा खातेदार मिळाला तर कुठलाही मॅनेजर उठून उभा राहील.

गाडीतल्या साध्या रेडिओवर मध्यम लहरीच लागायच्या. हे एकदा लक्षात घेतलं की त्या काळच्या ऐकण्याचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. १९५२मध्ये केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. पण सिलोन आपल्याकडे यायचं लघुलहरींवर. ते घरच्या मोठ्या रेडिओवर लागायचं, गाडीतल्या साध्या संचावर नाही. ३ ऑक्टोबर १९५७ला विविधभारती आली. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई, पुणे आणि नागपूरला तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. मध्यम लहरींवरची ही विविधभारती म्हणजे गाडीतल्या रेडिओचं खरं अन्न. पुढे मुंबईत काटा ११८८वर ठेवला की विविधभारती, ५५८वर मराठी कार्यक्रम. पुण्याला निघालात तर खंडाळ्याचा घाट चढताना मुंबई विरत जायची, लोणावळ्याच्या पुढे बटण फिरवत ७९२वर पुणे शोधायचं. मधल्या पट्ट्यात नुसती खरखर. तेवढ्यात गाडीतली मंडळी गप्पा मारून घ्यायची.

पुष्कळांनी खर्च नको म्हणून हातातला ट्रान्झिस्टरच गाडीत ठेवून पाहिला असेल. तो नीट लागत नसे, कारण गाडी म्हणजे पत्र्याचा डबा आणि लहरी आत शिरायला नाखूश. म्हणून बोनेटच्या बाजूला ओढून लांब करायची ती एरियल हवी. सोसायट्यांतली पोरं ती वाकवायची, हा त्या काळातला कायमचा तंटा होता.

तर असा हा रेडिओ. बी विंगच्या गाडीतला गेली काही वर्षं मुका होता. नातवाचं म्हणणं असं की तो काढून टाकू आणि टचस्क्रीनचा संच बसवू. एका दुकानात किंमतही काढून आणली होती. मुलगा पुण्याला असतो, त्याचं म्हणणं गाडीच विकून टाकू. वहिनी काहीच बोलत नव्हत्या. मी गाडीत डोकावलो तेव्हा त्यांनी रेडिओच्या काचेवर बोट ठेवून दाखवलं. ११८८च्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. "अंधारात यांना काटा दिसायचा नाही, म्हणून मी लावला होता, भाऊजी," त्या म्हणाल्या.

टचस्क्रीनची अडचण निव्वळ भावनेची नाही. आजच्या संचांची मापं ठरलेली असतात: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० किंवा १००. हे माप रूढ झालं १९८०च्या दशकात. त्याआधीचा दोन बटणांचा रेडिओ पत्र्यातल्या तीन भोकांत बसतो, दोन बटणांच्या दांड्यांसाठी आणि मधलं काचेसाठी. नवा संच बसवायचा तर मधला पत्रा कापावाच लागतो, आणि तो पुन्हा जोडता येत नाही. त्यात १९७८ची गाडी २०२८मध्ये पन्नास वर्षांची होईल. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी २०२१पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे. ती मिळायला गाडीचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. रेडिओ त्या अटीत येत नाही, हे मान्य. पण जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक पहिली नजर डॅशबोर्डावरच टाकतात, आणि कापलेला पत्रा लपत नाही. मुलाला गाडी विकायची असली तरी न कापलेली गाडीच जास्त किमतीला जाईल, हा माझा व्यवहारी मुद्दा दोन्ही पक्षांना पटला.

आता उरला प्रश्न, न कापता गाणं आत कसं घालायचं. मंडळींनी आपापले सल्ले दिले. सगळ्यात जास्त मतं त्या छोट्या एफएम ट्रान्समीटरला पडली, जो सिगारेट लायटरच्या जागी खोचतात आणि मोबाइलचं गाणं एफएमवर सोडतात. तो इथे निरुपयोगी. हा रेडिओ मध्यम लहरींचा आहे. त्याला एफएम ऐकवणं म्हणजे मोडी वाचणाऱ्यापुढे उर्दू कागद ठेवण्यासारखं आहे. दुसरा उपाय म्हणजे मध्यम लहरींचाच एक चिमुकला प्रक्षेपक, जो एरियलच्या तारेत मध्येच जोडतात. मोबाइलचं गाणं तो ठरावीक जागी, समजा १०००वर, रेडिओला ऐकवतो. रेडिओ उघडावाच लागत नाही. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओसाठी मी हाच मार्ग सुचवेन. तोटा एवढाच की मध्यम लहरींच्या सगळ्या मर्यादा त्या गाण्यालाही लागतात. केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे आवाजाचा वरचा भाग साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास कापला जातो. माणसाचा आवाज छान येतो, झांजा आणि घुंगरू मार खातात.

तिसरा सल्ला असा की ब्लूटूथ स्पीकर विकत घ्यावा आणि समोरच्या कप्प्यात लपवून ठेवावा. स्वस्त आणि मस्त, पण मग रेडिओचं बटण फिरवून आवाज कमी होणार नाही. मला ही फसवणूक वाटते. चौथा मार्ग म्हणजे रेडिओचं पोट रिकामं करून आत नवा बोर्ड बसवायचा, वरची काच आणि बटणं तीच. परदेशात हे काम करून देणारे कारागीर आहेत आणि ते सुबकही करतात. मला विचाराल तर हे पेंढा भरलेल्या वाघासारखं आहे.

आम्ही पाचवा मार्ग घेतला. त्यासाठी रेडिओच्या आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. रेडिओचे दोन भाग समजा. पहिला भाग हवेतून केंद्र पकडतो आणि लहरीवरून गाणं सोलून वेगळं काढतो. दुसरा भाग ते गाणं मोठं करून स्पीकरला देतो. या दोघांच्या मधोमध बसलेलं असतं आवाजाचं बटण. म्हणजे आवाजाच्या बटणापाशी गाणं मूळ स्वरूपात, पण लहान आवाजात आलेलं असतं. मोबाइलमधून निघणारं गाणंही तसंच असतं. तेव्हा मोबाइलची तार तिथे आणून जोडली की पहिल्या भागाला वळसा घालून गाणं थेट दुसऱ्या भागात शिरतं. मध्यम लहरींची मर्यादाही राहत नाही, फक्त स्पीकरची राहते.

करायला सोपं, पण तीन ठिकाणी चूक होते. एक, मोबाइलचं गाणं स्टिरिओ, म्हणजे डावं आणि उजवं वेगळं. रेडिओ एककानी. एकच तार जोडली तर अर्धा वाद्यमेळ गायब होतो, आणि दोन्ही तारा सरळ एकत्र पिळल्या तर मोबाइलवर ताण येतो. दोघांना एकेक रेझिस्टर लावून मग एकत्र करायचं. दोन, मध्ये एक कपॅसिटर हवा, म्हणजे रेडिओतला बॅटरीचा प्रवाह मोबाइलकडे जात नाही. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, स्विच असलेला जॅक बसवायचा. पिन आत घातली की पहिला भाग तुटतो आणि मोबाइल जोडला जातो. पिन काढली की रेडिओ पुन्हा रेडिओ. तसं केलं नाही तर गाण्यामागे केंद्राची कुजबुज चालू राहते. एकूण सामान मूठभर, लॅमिंग्टन रोडवर चहा-नाश्त्याच्या पैशात मिळालं. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलना इअरफोनचं भोकच नसतं, म्हणून आगपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला.

काम केलं ते स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकनं. आता तो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. रेडिओ समोर ठेवल्यावर त्यानं आधी हात पुसले. आतले जुने कपॅसिटर वाळले होते, ते बदलले. स्पीकरचा कागद दमटपणानं फाटला होता, त्याला नवा पडदा चिकटवला. ट्यूनिंगच्या भागाला हातही लावावा लागला नाही. गाडीच्या रेडिओत तो भाग खास बनवलेला असतो: पत्र्यांच्या कंडेन्सरऐवजी तारेच्या वेटोळ्यात लोहचूर्णाचा गाभा पुढे-मागे सरकतो, म्हणजे खड्ड्यांत केंद्र हलत नाही. जॅक त्यानं डॅशबोर्डाखाली लपणाऱ्या पट्टीवर बसवला. पत्र्याला एकही नवं भोक पाडलेलं नाही.

पहिल्या दिवशी इंजिन सुरू केल्यावर गाण्यामागे बारीक शिट्टी येत होती आणि रेस वाढवली की ती चढत होती. मोबाइलचा चार्जर आणि रेडिओ एकाच बॅटरीवर असले की असं होतं. मध्ये एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातल्यावर शिट्टी गेली. एक सूचना मात्र देऊन ठेवतो. इंग्रजी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. तिथे अशी तार जोडण्याआधी जाणकाराला विचारा, नाहीतर मोबाइल आणि फ्यूज दोन्ही जातील.

नातवानं आधी स्वतःची गाणी लावली. खोलवरचा ठोका असलेली ती गाणी या स्पीकरवर दम खातात, तो कबूल झाला. मग मी गीतरामायण लावायला सांगितलं. १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींनी ते सुरू केलं आणि वर्षभर दर आठवड्याला एकेक करत छप्पन्न गीतं झाली, ती ऐकली गेली अशाच मध्यम लहरींच्या रेडिओवर. बाबूजींचा आवाज त्या लंबगोल स्पीकरमधून आला आणि गाडीभोवती उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. शब्द इतके स्वच्छ की माझ्या घरच्या महागड्या साउंडबारवरही तसे येत नाहीत. याचं कारण जादू नव्हे. तो स्पीकर माणसाच्या आवाजासाठीच बनवलेला आहे.

वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या. दोन गीतं झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे रेडिओवर लागलंय, की तू लावलंयस?" नातू म्हणाला, "मी लावलंय, आजी. तुला हवं ते सांग." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग बंद कर. काय लागतंय ते बघू." त्यानं पिन काढली आणि काटा लाल ठिपक्यावर आणला.

त्या दिवशी काय लागलं ते सांगणं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की लागलं. गेल्या काही वर्षांत प्रसारभारतीनं देशातले बरेच जुने मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले आहेत. फ्रान्स आणि जर्मनीतल्या सार्वजनिक केंद्रांनी तर दहा वर्षांपूर्वीच मध्यम लहरी आवरत्या घेतल्या. आपल्याकडे कधी ना कधी ती वेळ येईल. त्या दिवशी असे सगळे रेडिओ, चालू असूनही, एकदम मुके होतील. तेव्हा त्यांना बोलतं ठेवायला खिशातलं गाणंच लागेल. म्हणून ही जोडणी करताना "जुन्यावर नव्याचं अतिक्रमण" वगैरे मला वाटलं नाही. मात्र ज्या वहिनींनी पिन काढायला लावली, त्यांना त्या वेळी काय वाटेल याचं उत्तर रेझिस्टर आणि कपॅसिटरपाशी नाही.

पद्मिनीच्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून २०२३च्या ऑक्टोबरअखेर गेल्या. खाजगी गाड्या उरल्यात त्या अशा कुणाकुणाच्या पार्किंगमध्ये. त्यांतल्या रेडिओंची मोजदाद कुणी केलेली नाही. आपल्या सभासदांपैकी कुणाकडे गावी, भावाकडे, सासुरवाडीला अशी गाडी असेल आणि रेडिओ मुका असेल, तर काढून भंगारात देण्याआधी मला दाखवा. मेकॅनिकचा पत्ता माझ्याकडे आहे. तो अजून काम घेतो, पण पावसाळ्यात दुकान उघडत नाही.

जोडणीचा नकाशा मी साध्या वहीच्या कागदावर काढला आहे: कुठली तार कुठे गेली, काय काढलं, काय घातलं, आणि पूर्ववत करायचं तर काय उलटं करायचं. काढलेले जुने कपॅसिटर एका पाकिटात घालून वर तारीख टाकली आहे. कागद आणि पाकीट दोन्ही गाडीच्या फाइलमध्ये, आर.सी. आणि विम्याच्या मागे, त्या परवान्याच्या पुस्तकाशेजारी ठेवलं आहे.